चिखलातून आलेली गाडी आणि बोनेटखालचा आवाज

पावसाळ्यात शेतरस्त्याला किंवा घाटातल्या कच्च्या वाटेला गाडी घातली, ती रुतली, कशीबशी निघाली, आणि डांबरीवर आल्यावर बोनेटखालून नवाच आवाज यायला लागला, की पहिला संशय इंजिनवर जातो. बहुतेक वेळा इंजिन बिचारं निर्दोष असतं. ब्रेकच्या डिस्कमागे खडा अडकलेला असतो, अंडरगार्ड (इंजिनखालचं संरक्षक आवरण) सैल होऊन वाजत असतो, नाहीतर बेल्टच्या खाचांत माती बसलेली असते. उरलेल्या थोड्या वेळा मात्र नुसता एक सेल्फ मारल्याने हजारांचं काम लाखांवर जातं. म्हणून क्रम पक्का ठेवायचा: सेल्फ मारायचा की नाही हे आधी ठरवा, मग चिखल काढा, आणि मगच कान लावा. खालची माहिती बोलेरो पिकअप, योद्धा, थार, गुरखा, डी-मॅक्स अशा डिझेल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

सेल्फ मारण्याआधी

गाडी पाण्यात किंवा पातळ गाळात बंद पडली असेल, तर चावीला हात लावू नका. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल, तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणारा दांडा. त्याला फार पाणीही लागत नाही. अडीच लिटरच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात एका सिलिंडरचा घनफळाचा वाटा 625 सीसी. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाच्या आणि वर गेल्यावरच्या जागेचं प्रमाण) 17.5 धरला तर पिस्टन पूर्ण वर गेल्यावर वरती उरते ती जागा सुमारे 38 मिली. म्हणजे सात-आठ चमचे पाणी पुरे.

एअर फिल्टरचा डबा उघडा. कागद ओला, फुगलेला किंवा चिखलाने माखलेला असेल तर धोका खरा आहे. फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनकडच्या पाइपात पांढरं फडकं फिरवा. फडकं कोरडं आणि स्वच्छ निघालं तर पाणी फिल्टरच्या पुढे गेलेलं नाही. टर्बो गाडीत इंटरकूलरचा (टर्बोकडून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा) खालचा होज सोडून बघा, पाणी हमखास तिथे साचतं आणि फिल्टर कोरडा दिसल्यावरही पुढे ओढलं जातं. फिल्टरच्या डब्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी रबराची चोच किंवा भोक असतं. ते चिखलाने बुजलेलं असेल तर मोकळं करा.

मग ऑइलची पट्टी काढा. पातळी वर चढलेली किंवा ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं झालेलं असेल तर त्यात पाणी आहे. रंगावरून नक्की कळत नसेल तर चमच्याच्या टोकावर दोन थेंब घ्या आणि खालून लायटर धरा. तडतडलं तर पाणी, नुसताच धूर आला तर ऑइल.

पाण्याचा संशय असेल तर चारही हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे) काढायचे, इंजेक्टरचे (डिझेल फवारणाऱ्या नोझलचे) कनेक्टर सोडून ठेवायचे आणि क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं. दोन फेऱ्यांत चारही पिस्टन आपापलं कॉम्प्रेशन पार करतात. कुठे अडकलं तर जोर लावू नका, गाडी टोइंगवर न्या. मोकळं फिरलं तर पाच-पाच सेकंद सेल्फ मारा. भोकांतून पाणी पिचकारीसारखं उडतं, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. पाणी यायचं थांबल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचे. दुधाळ ऑइल काढलं असेल तर नव्या ऑइलवर पाच-दहा मिनिटं आयडलिंग करून तेही काढून पुन्हा भरायचं. दोनदा ऑइल घालणं जिवावर येतं खरं, पण क्रँकच्या बेअरिंगसमोर हा खर्च काहीच नाही.

थारची पाण्यातून जाण्याची कंपनीने दिलेली मर्यादा 650 मिमी आणि गुरख्याची 700. हे आकडे संथ पाण्याचे आणि सावकाश चालवण्याचे आहेत. वेगात पाण्यात घातल्यावर पुढे उठणारी लाट बोनेटवर चढते, तेव्हा आकड्याला काही अर्थ राहत नाही.

आधी धुणं, मग ऐकणं

चिखल अंगावर असताना निदान करत बसू नका, कारण चिखल आवाज करतोही आणि दडवतोही. देशावरची काळी माती ओली असताना फुगते आणि चिकटते. वाळली की आकसून विटेसारखी घट्ट बसते. रिमच्या आत, फॅनच्या पात्यांमागे, रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधल्या फटीत तिचे थर जमतात. कोकण-गोव्याकडची जांभ्याची लाल माती एवढी चिकटत नाही, पण तिच्यात बारीक कठीण खडे असतात. ते बेल्टमध्ये, पुलीच्या सीलमध्ये आणि ब्रेकच्या पत्र्यात शिरून घासतात. काळ्या मातीतून आलेली गाडी थरथरते आणि तापते, लाल मातीतून आलेली किरकिरते आणि करकरते. हा ढोबळ हिशेब आहे, पण शोध कुठून सुरू करायचा ते त्यावरून ठरतं.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. साध्या नळीने, कमी दाबाने धुवा. प्रेशर वॉशर अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), कनेक्टर आणि पुलीच्या बेअरिंगवर धरू नका. सीलच्या आत न गेलेला गाळ तो आत ढकलतो, आणि आठवड्याने बेअरिंग ओरडायला लागलं की दोष चिखलावर येतो. रेडिएटर आतून बाहेर, म्हणजे इंजिनच्या बाजूकडून जाळीकडे धुवायचा. वाळलेली काळी माती आधी अर्धा तास भिजवावी लागते, खरवडायला गेलात तर फिन वाकतात. अंडरगार्ड खोलून खाली घ्या. त्यात गोटे आणि काड्यांसकट बरंच काही निघतं, आणि अर्ध्या गाड्यांची खडखड इथेच संपते.

आवाज कशाबरोबर बदलतो

गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. आता तीन गोष्टी बघायच्या.

उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दिल्यावर आवाज वाढतो का? वाढत असेल तर तो इंजिनचा किंवा इंजिनवर फिरणाऱ्या कशाचा तरी आहे. उभ्या गाडीत येतच नाही, फक्त चालताना येतो आणि वेगाबरोबर वाढतो? तर बोनेट बंद करा आणि गाडीखाली जा. क्लच दाबल्यावर बदलतो का? तर क्लच आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात शोधा.

तिसऱ्याचा निकाल पटकन लागतो, म्हणून तो आधी. क्लच दाबला की करकर सुरू आणि सोडला की बंद, हे रिलीज बेअरिंग. उलट, क्लच सोडलेला असताना घरघर आणि दाबल्यावर शांत, हे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचात, पातळ गाळ शिरला की बेअरिंगचं ग्रीस जातं आणि क्लच प्लेट पकडत नाही. हाउसिंगच्या तळाला भोक किंवा तपासणीची झाकणी असते. तिच्यातून माती पडली तर गिअरबॉक्स उतरवून साफ करणं हाच इलाज, वरून पाणी मारून भागत नाही.

सेल्फ मारल्यावर इंजिन चालू होतं पण उंच पट्टीत किंचाळणं चालूच राहतं, तेव्हा सेल्फचं पिनियन मातीमुळे मागे आलेलं नसतं. लगेच इंजिन बंद करा. तरीही सेल्फ फिरत राहिला तर बॅटरीची वायर काढा, नाहीतर सेल्फ जळतो आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दातही जातात.

बेल्ट आणि पुल्या

चिखलानंतरच्या आवाजांतला सर्वांत नेहमीचा इथला. चीं चीं किंवा चिव-चिव असा, थंडीत सुरू करताना किंवा एसी-हेडलाइट लावल्यावर वाढणारा आवाज बेल्टचा. सतत घरघर किंवा खरखर असेल तर पुलीच्या बेअरिंगचा.

बेल्टचा असेल तर आयडलिंगवर बेल्टच्या खाचांच्या बाजूला स्प्रेच्या बाटलीने थोडं साधं पाणी मारा. हात आणि बाही लांब ठेवा. आवाज काही सेकंद गेला आणि परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. एखादा ब्रॅकेट वाकला आहे किंवा पुलीच्या मागे माती दाबून बसली आहे. पाणी मारल्यावर आवाज वाढला, तर बेल्ट सरकतोय, म्हणजे ताण कमी आहे किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) अडकला आहे. बेल्ट ड्रेसिंगचा स्प्रे मारू नका. दोन दिवस आवाज दबतो, पण त्या चिकटपणाला माती आणखी धरते.

बेल्ट काढण्याआधी त्याच्या वाटेचा मोबाइलवर फोटो घ्या, बसवताना हमखास लागतो. बेल्ट उलटा करून खाचा बघा. त्यात रुतलेले खडे टोकदार काडीने काढता येतात, पण एखादी धार उभी फाटलेली असेल किंवा तुकडे निघाले असतील तर बेल्ट बदला. पुल्यांच्या खाचा ताठ ब्रशने साफ करा. आता एकेक पुली हाताने फिरवा. आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली) आणि टेन्शनरची चांगली पुली थोड्या जडपणे, आवाज न करता फिरते आणि थांबते. खरखर हाताला जाणवली तर आत माती गेली आहे. एका धक्क्यात गरगर फिरतच राहिली तर लोक खूश होतात, पण ते ग्रीस धुऊन गेल्याचं लक्षण आहे. वॉटर पंपाची पुली धरून पुढे-मागे हलवा. जराही हलली, किंवा खालच्या बारीक भोकातून कुलंटचा ओघळ दिसला, तर पंप बदलायचा.

मग बेल्ट न लावता इंजिन फक्त 30 सेकंद चालवा, तेही थंड असताना. आवाज गेला तर दोष बेल्टवरच्या कशात तरी आहे. तसाच राहिला तर इंजिनमध्ये किंवा क्लचकडे. एवढी एक चाचणी अर्धं कोडं सोडवते. वॉटर पंप बेल्टवर असेल तर या वेळात पाणी फिरत नाही, म्हणून 30 सेकंदांच्या वर जाऊ नका. शिवाय काही डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो. तेव्हा बेल्टशिवाय गाडी जागची हलवायची नाही.

बेल्ट लावल्यावर बॅटरीवर मल्टिमीटर धरा. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. 12.5 च्या आसपासच अडकलं तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, चिखलानंतर बहुधा त्याच्या ब्रशमध्ये माती असते.

घोंघावणं आणि भरभर

विमान उठावं तसा भर्र आवाज रेस केल्यावर येतो आणि पिकअप जड वाटतो, तेव्हा बरेच जण फॅन बदलायला निघतात. व्हिस्कस क्लचचा फॅन रेडिएटरमागची हवा तापली की घट्ट पकडतो, आणि पकडला की असाच वाजतो. म्हणजे फॅन आपलं काम करतोय, रेडिएटर मात्र मातीने बुजलाय. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधून टॉर्च मारून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघा. इंजिन पूर्ण थंड असतानाही फॅन सुरुवातीच्या मिनिटानंतर तसाच घोंघावत राहिला तरच क्लच जाम आहे असं म्हणता येतं.

एका लयीत खट-खट-खट आणि सोबत थरथर असेल तर फॅनच्या पात्यावर एका बाजूला माती आहे किंवा शेल्यावर, म्हणजे भोवतीच्या प्लास्टिकवर, पातं घासतंय. घासल्याची पांढरी रेघ शोधली की सापडते. इंजिन फाउंडेशन (इंजिन पेलणारं रबर) फाटून इंजिन सरकलं तरी फॅन असाच घासतो.

फाउंडेशन तपासायला आत एक माणूस बसवा. हँडब्रेक आणि पायब्रेक दोन्ही दाबून त्याने आधी पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये क्लच थोडा पकडू द्यावा. तुम्ही बाजूला उभं राहून इंजिन बघा, समोर कधीही नाही. इंजिन दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त उचललं गेलं आणि धप्प आवाज आला तर रबर फाटलं आहे. रुतलेली गाडी पुढे-मागे झोके देऊन काढताना फाउंडेशन असंच जातं.

टिकटिक आणि फुसफुस

एक्झॉस्टची गळती, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आणि इंजेक्टर, तिन्ही क्रँकच्या निम्म्या गतीने वाजतात. 800 आरपीएमला सेकंदाला साडेसहा-सात वेळा. त्यामुळे नुसत्या तालावरून ते ओळखता येत नाहीत, बाकीच्या खुणा बघाव्या लागतात.

थंड इंजिनला जोरात आणि पाचेक मिनिटांत मंदावणारी टिकटिक बहुधा एक्झॉस्टची. धातू तापून पसरला की फट मिटते. तापलेलं मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा पाइप) गार पाण्यात गेलं की तडकू शकतं, गॅस्केटही बसकतं. सांध्यापाशी काजळीची काळी रेघ शोधा. अर्धा मीटर रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं सांध्याजवळ फिरवलं तर फुसका नेमका कुठे आहे ते कळतं. तापल्या भागाला नळी टेकवू नका. पत्र्याची झणझण असेल तर उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचे बोल्ट तपासा. थंड गाडीत सायलेन्सर हाताने हलवला तरी लटकणीचं तुटलेलं रबर सापडतं.

ॲक्सिलरेटर दाबताच सूं किंवा फुस्स, मागून काळा धूर, ताकद गायब: इंटरकूलरचा होज निसटला किंवा फाटला. क्लिप घट्ट करण्याआधी होजच्या आतली माती आणि तेलकटपणा पुसा, नाहीतर पुढच्या चढाला परत निसटतो.

तापल्यावरही टिकटिक कायम आणि ऑइलचा दिवा आयडलिंगला लुकलुकतो, तर इंजिन बंद करा. खाली जाऊन चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं पात्र) बघा. दगडावर आपटून चेंबरचा तळ आत गेला असेल तर ऑइल ओढणाऱ्या गाळणीला तो टेकतो. मधलं अंतर मुळातच सेंटीमीटरभर असतं. ऑइल पुरेसं असूनही वर पोचत नाही, आणि सर्वांत आधी टॅपेट बोलायला लागतात. पट्टीवर पातळी बरोबर दिसते म्हणून या दोषाला बरेच जण फसतात. दिव्याच्या स्विचच्या जागी प्रेशर गेज लावून वाचलेला आकडा गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. तो कमी असेल तर चेंबर उतरवल्याशिवाय पर्याय नाही.

खोल ठोका

लाकडी दरवाजावर मूठ मारावी तसा, खालून येणारा, रेस केल्यावर किंवा चढावर वाढणारा ठोका हा खरा काळजीचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून वरून खाली ऐकत या. व्हॉल्व्ह कव्हरवर जोर असेल तर टॅपेट किंवा इंजेक्टर. चेंबरच्या जवळ जोर असेल तर कनेक्टिंग रॉड किंवा मेन बेअरिंग.

कोणत्या सिलिंडरचा आहे हे एकेक सिलिंडर बंद करून कळतं. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत इंजेक्टरच्या पाइपाचा नट अर्धा फेरा सैल करून हे करतात. कॉमन रेलच्या गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबनळीतून डिझेल मिळतं अशा) असं कधीही करू नका. तिथे 1,600 बारच्या घरात दाब असतो आणि डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते. हे ऑपरेशन करावं लागणारं दुखणं आहे. कॉमन रेलमध्ये इंजिन बंद करून एका इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा, मग चालू करून ऐकायचं. मग पुढचा. ज्याचा काढल्यावर ठोका कमी झाला तो दोषी.

तो इंजेक्टरचा आहे की रॉडचा, हे कॉम्प्रेशन टेस्ट सांगते. पाण्याने वाकलेला रॉड जेमतेम 1 मिमीने बुटका होतो. तेवढ्यानेही 88 मिमीच्या बोअरमध्ये वरची जागा 6 मिलीने वाढते, म्हणून त्या एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन शेजाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी दिसतं. असा रॉड घेऊन गाडी काही दिवस चालतेही. मग एक दिवस तो तुटून ब्लॉकला खिडकी पाडतो. ठोका सापडला की गाडी स्वतःच्या चाकांवर गॅरेजला न्यायची नाही.

इंजिनचे नसलेले आवाज

60–80 च्या वेगाला स्टिअरिंग आणि सगळी गाडी थरथरते: रिमच्या आतली वाळलेली माती. बॅलन्सिंगला पाच-दहा ग्रॅमची वजनं लावतात, इथे पावशेर माती एका बाजूला बसलेली असते. पत्रा किंचाळल्यासारखा आवाज ब्रेक दाबल्यावर बदलतो: डिस्क आणि पत्र्यामध्ये खडा. हळू रिव्हर्स घेत दोन-तीनदा ब्रेक मारा. नाही निघाला तर चाक काढून पत्रा थोडा वाकवा. निघताना खट्ट आणि हळू चालताना चुक-चुक: प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस कोरडा पडलाय. निपलमधून ग्रीस मारत राहा, चारही टोकांतून मातकट ग्रीस संपून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. एखाद्या टोकातून बाहेरच आलं नाही तर क्रॉस बदला.

मागच्या ॲक्सलची हूं अशी घुमणी वेगाबरोबर वाढत असेल तर डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याच्या) भरणीचा बोल्ट उघडून बोट घाला. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची वाट) बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला. बदलून झाल्यावर ब्रीदरचं टोपण हाताने गोल फिरतं का बघा. फिरत नसेल तर डिझेलमध्ये भिजवून मोकळं करा, नाहीतर नव्या ऑइलचंही तेच होणार.

गॅरेजला जायचंच झालं तर थंड इंजिन सुरू करतानाचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवा, कारण गाडी तिथे पोचेपर्यंत तापते आणि टिकटिक दडते. पाणी कुठपर्यंत आलं होतं, गाडी पाण्यात बंद पडली होती का, आणि त्यानंतर किती वेळा सेल्फ मारला, हे मेस्त्रीला खरं सांगा. शेवटचा प्रश्न तो विचारणारच.